कोंडाईचा हात

फार वर्षांपूर्वी, वाकणीच्या घाटात डांबर पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. घाटाखाली गाडीवानांचं गाव होतं. सैल बांधलेलं ओझं दरीत जातं, एवढं एकच शास्त्र त्या गावाला ठाऊक. काही बिघडलं, की दोर आवळायचा.

गावात कोंडाई नावाची सुईण होती. एके दिवशी उतारावर तिच्या धाकट्या भावाची, रघोजीची गाडी उलटली आणि जू त्याच्या छातीवर आलं. गाडीवानांनी रीतीप्रमाणे पागोटी सोडली आणि त्याची छाती ओझ्यासारखी करकचून बांधली.

कोंडाई धावत आली, तेव्हा रघोजीचे ओठ जांभळे पडले होते. तिनं विळा घेऊन पागोटी कापायला सुरुवात केली.

"कोंडाबाई, हे बाळंतपण नव्हे," खंडूनाना, गाडीवानांचे म्होरके, म्हणाले. "बांधलेलं सोडलंस तर पोर हातचं जाईल."

"नाना, बाळंतिणीला काय नि ह्याला काय, श्वासाला जागा लागतेच."

बंध सुटले. छाती वर आली, पण तिचा तळव्याएवढा एक तुकडा उलटा आत गेला. तिथल्या बरगड्या दोन-दोन ठिकाणी तुटल्या होत्या. माणसं मागं सरली. कोंडाई पुढं सरली. भावाला तिनं दुखऱ्या कुशीवर टेकवलं आणि त्या तुकड्यावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता धरला. श्वास आत शिरला.

"खोक, छातीत काही साचू देऊ नकोस," ती म्हणाली.

"आक्के, मारतेस का मला?"

"मारायचं असतं तर बांधूनच ठेवलं असतं. खोक."

तो रडत रडत खोकला. रोज खोकला. कोंडाईनं हात काढला नाही. ती पेंगली, की गावच्या बाया तिच्या हातावर हात ठेवत. पुढं पुढं सगळं गाव रघोजीच्याच श्वासावर श्वास घेऊ लागलं, गोठ्यातले बैलसुद्धा, असं म्हणतात. हाडं सांधली त्या सकाळी तळवा छातीपासून सुटेना. मग रघोजीच पोटभर हसला, तेव्हा तो सुटला, असं म्हणतात.

आता गाड्या गेल्या, ट्रक आले. पण वाकणीतून घाट चढणाऱ्या ड्रायव्हरच्या छातीवर गावातली एखादी म्हातारी अजून तळवा ठेवते. तो कितीही घाईत असो, एक श्वास पुरता आत जाऊन बाहेर येईपर्यंत ती हात उचलत नाही. मग म्हणते, "कोंडाईनं सोडलं. जा आता."