हातभर वाढवलेला दोर

राजाने कमाईवरचा कर चौथाईने कमी केला आणि त्याच महिन्यात ज्वारी, मीठ, तेल यांचे भाव दुपटीला भिडले. तरी दवंडी पिटली गेली, की महाराज गावोगाव येतील, रयतेने आभार मानावेत. शेजारच्या गावात एक साळी गप्प राहिला, तर त्याला खोड्यात अडकवलं.

निंबोणी गावात आभार मानायची पाळी गंगाक्का साळिणीवर आली. तिची सून बाळंतीण होती आणि उपासाने तिचं दूध आटलं होतं. विहिरीवरचा लांब दोर गंगाक्काने लपवला आणि जुन्या आखूड दोराला हातभर तुकडा जोडून ठेवला.

राजा आला तो घसा कोरडा घेऊनच. पाहुण्याने पहिला पोहरा स्वतः शेंदायचा, ही गावची रीत. राजाने पोहरा सोडला. दोर संपला, पण पोहरा पाण्याला टेकेना.

"दोर आखूड आहे!" राजा ओरडला.

"आधी आभार माना, महाराज," गंगाक्का म्हणाली. "कालच्यापेक्षा हातभर वाढवलाय."

"वाढवून काय उपयोग? पाणी त्याच्याही खाली गेलंय! मी काय तहानेने मरू?"

"आमचं गाऱ्हाणं हेच होतं, महाराज. पण इथं नुसतं गप्प राहिलं तरी खोडा मिळतो."

राजाने कोरडा पोहरा वर ओढला. मग त्याने खोड्यातल्या साळ्याला सोडायला सांगितलं आणि आभार न घेताच तो निघून गेला.

ज्वारी-मिठाच्या भावांबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही. गंगाक्का घरी पोचली, तेव्हा बाळ रडतच होतं.