मुठीतल्या अक्षता

मूल होत नव्हतं तेव्हा एका गावच्या कुमुदिनीने जिवतीपुढे पदर पसरला होता. “आई, माझी कूस उजव. श्रावणातल्या दर शुक्रवारी लेकराच्या हातात अक्षता देऊन त्याला तुझी कहाणी सांगीन.”

जिवती पावली, ऋजुता झाली. पण पोर चुळबुळी. कहाणी संपेपर्यंत एका जागी टिकेना. व्रत मोडायला नको म्हणून कुमुदिनीने तिच्या एका मुठीत अक्षता दिल्या आणि दुसऱ्या हातात मोबाईल. पोर जागची हलेना. मग जेवताना मोबाईल, वेणी घालताना मोबाईल. आल्यागेल्या बायका म्हणत, “काय गुणी पोर गं, हूं की चूं नाही.” कुमुदिनी सुखावायची.

ऋजुता पाच वर्षांची झाली. त्या श्रावणात शेजारच्या गोदाक्का नातीला घेऊन हळदीकुंकवाला आल्या. कुमुदिनी पोथीतून कहाणी वाचत होती. इवलीशी चिमी उंबऱ्याला अडखळून पडली. ओठ फुटला, रडू लागली. ऋजुताने मान वर केली, मोबाईलचा आवाज वाढवला नि म्हणाली, “आई, हिला बाहेर ने ना. मला ऐकू येत नाहीये.”

कुमुदिनीने मोबाईल हिसकावला. पोरीने अक्षता भिरकावल्या आणि भोकाड पसरलं. ते बघून चिमी आपलं रडणं विसरली. पुढे होऊन फ्रॉकच्या टोकाने ऋजुताचे डोळे पुसू लागली. “ललू नको.”

गोदाक्का सांडलेल्या अक्षता वेचता वेचता म्हणाल्या, “कुमुदे, इतकी वर्षं कहाणी तू सांगत कुणाला होतीस गं?”

कुमुदिनीची मान खाली गेली. इतकी वर्षं तिची नजर पोथीवर होती, पोरीची मोबाईलवर. नवस नुसता तोंडाने फेडला होता. देवीच्या तसबिरीकडे बघायची तिला लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी मोबाईल कपाटात गेला, पोथीही मिटलेलीच राहिली. कुमुदिनीने लेकीला समोर घेतलं. ऋजुता रडली, रुसली, मध्येच उठून गेली. कुमुदिनी थांबली. ती परत आल्यावर पुन्हा सांगू लागली. श्रावण सरता सरता, कहाणीतल्या आईचं बाळ हरवतं तिथे ऋजुताने विचारलं, “मग ती आई रडली?”

“रडली गं बाळा.”

ऋजुताने आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग मूठ उघडून सगळ्या अक्षता तिच्या हातावर ठेवल्या. “तिला दे. रडू नको म्हणावं.”

तात्पर्य: गप्प बसलेलं मूल शहाणं झालं असं समजू नये, माणसाचा चेहरा बघतच ते दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकतं. म्हणून बायांनो, मोबाईल बाजूला ठेवा, पोरांच्या डोळ्यांत बघून बोला. एवढं व्रत तुम्हीही घ्या.