चिखलाला शिक्का नाही

फार पूर्वी समुद्राच्या अगदी कडेला एक सुभा होता. भरतीच्या वेळी तिथे समुद्र वर असे आणि भातशेते खाली. दोघांच्या मध्ये मातीचा एक बांध होता, दोन कोस लांब. बांध होता म्हणून तिथे भात पिके. नाहीतर तिथे खेकडेच राहिले असते.

बांध चिखलाचा होता. लाटा त्याला बाहेरून खात आणि खेकडे आतून पोखरत. म्हणून भात कापून झाले की पौषात माणसे खाडीतला चिखल काढून बांधावर थापायची. होळीच्या पुनवेच्या आत हे काम संपवावे लागे, कारण त्या दिवशी भर दुपारी वर्षातले सर्वात मोठे उधाण येई. काम करणाऱ्यांना सरकारी कोठारातून भात मिळे.

कोठाराचे दार खर्ड्यावाचून उघडत नसे. कोणत्या कामाला किती भात द्यायचे, हे ज्या कागदावर लिहीत, तो खर्डा. त्यावर पाच महाजनांच्या सह्या आणि सुभेदाराचा शिक्का लागे. यातले एक जरी नसले तरी कोठारी कुलपाला हात लावीत नसे.

बांधावर एका खोपीत राखणदार राही. त्याचा बाप राखणदार होता, आजाही होता. हातात वेळूची काठी घेऊन रोज बांध चालायचा, ठिकठिकाणी काठी टोचून पाहायची आणि बीळ सापडले तर बुजवायचे, हे त्याचे काम. माणूस कमी बोलणारा. त्याच्या खोपीत एक शिंग टांगलेले असे. बांध फुटून पाणी आत येताना दिसले की त्याने ते फुंकायचे. शिंग ऐकले की सुभेदारापासून गुराख्यापर्यंत प्रत्येकाने टोपली घेऊन धावत यायचे. तेव्हा भात मागायचे नाही आणि शिक्काही विचारायचा नाही. मात्र पाणी दिसण्याआधी शिंग फुंकले, तर राखणदाराने खोपी सोडून सुभ्याबाहेर चालते व्हायचे. कायदा कडक होता. तो कडक होता म्हणूनच लोक शिंगावर विश्वास ठेवीत.

एका वर्षी पौष आला आणि खर्डा अडला.

सुभेदार हुशार होता. त्याने मनाशी धरले की आता दगडी बांध बांधायचा. दरवर्षी चिखल थापा आणि दरवर्षी समुद्राला चारा, हे त्याला पटत नव्हते. त्याने खर्ड्यात लिहिले, तीन वर्षे सगळे भात खाणीतल्या माणसांना आणि गाड्यांना. चिखलाला एक दाणा नाही.

महाजनांनी सह्या केल्या नाहीत. त्यांनी दुसरा खर्डा लिहिला. सगळे भात चिखलाला, दगडाला एक दाणा नाही. सुभेदाराने शिक्का मारला नाही.

पौष गेला. माघ गेला. खर्डा चार वेळा चावडीतून महाजनांकडे गेला आणि चार वेळा परत आला. कोठाराला कुलूप तसेच. होडीवाल्याला भात मिळेना, त्याने होडी वाळूवर ओढून ठेवली. वैद्याने औषध देणे थांबवले. बांधावर तर कुणी फिरकेना.

लोक चिडले. दर बाजारच्या दिवशी चावडीसमोर गर्दी होई.

"शिक्का झिजेल म्हणून जपतोय का हो सुभेदार?" एक जण ओरडे.

"झिजतोय कसला! बायको पानात वाढते तेव्हासुद्धा म्हणत असेल, आधी खर्डा दाखव," दुसरा म्हणे, आणि हशा पिके.

या सगळ्यांत तोंडाने तिखट होती चांगुणा. ती विधवा होती. बांधाच्या खालच्या टोकाला तिची तीन खाचरे होती. ती म्हणे, "हसू नका रे. त्याला ऐकू गेलं तर हसण्यावरही शिक्का लावेल."

सुभेदार आत बसून सगळे ऐके. त्याला वाटे, आज शिव्या देतात, दगडी बांध झाला की हेच लोक पाया पडतील.

होळी अकरा दिवसांवर आली. उघाडीजवळ, म्हणजे शेतातले पाणी बाहेर सोडण्याचे दार असते तिथे, राखणदाराने काठी टोचली. ती हातभर आत गेली. त्याने काठी उपसली, पुढे गेला, पुन्हा टोचली. तिथेही तेच.

तो तसाच चिखलाच्या पायांनी चावडीत गेला.

"सरकार, बांध पोकळ झालाय. काठी हातभर आत जाते."

सुभेदाराने दगडी बांधाचे चित्र त्याच्यापुढे पसरले. "तूच सांग. दगड टिकेल की चिखल?"

"दगड."

"मग?"

"पुनव अकरा दिवसांवर आहे. अकरा दिवसांत किती दगड येतील?"

सुभेदार म्हणाला, "माझ्या आधीच्या तिन्ही सुभेदारांना दगडी बांध हवा होता. प्रत्येकाने म्हटलं, यंदा चिखल करू, दगडाचं पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष कधी आलं? मी आज चिखलाला शिक्का दिला की दगड मेला. महाजनांना सांग, माझ्या खर्ड्यावर सही करा. मग बोलू."

राखणदाराने चित्राकडे एकदा पाहिले आणि काठी उचलली.

तो थोरल्या महाजनांकडे गेला. ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"आम्ही सही केली तर यंदा बांधावर कुणी जायचं नाही, सगळं भात खाणीत जायचं. हे तुला चालेल?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग आमच्याकडे कशाला आलास? ज्याने अडवलंय त्याच्याकडे जा."

"त्यांच्याकडूनच आलो."

"मग पुन्हा जा."

शेवटी तो बाजारात लोकांकडे गेला. म्हणाला, "भाताचं नंतर बघू. आठ दिवस चला. टोपल्या घेऊन चला."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. चांगुणा पुढे आली. "राखणदारदादा, आम्ही फुकट काम केलं तर सुभेदार काय म्हणेल? म्हणेल, बघा, खर्ड्यावाचून चाललं की! मग तो जन्मात शिक्का मारायचा नाही. येऊ दे पाणी. त्याच्या अंगणात शिरलं की डोळे उघडतील."

"त्याचं अंगण टेकडीवर आहे, बाई," राखणदार म्हणाला. "आधी तुझी खाचरं आहेत."

"माझी खाचरं वाचवायचं काम त्याचं आहे. खुर्चीवर तो बसलाय, मी नाही."

हेही खरेच होते. राखणदार परत खोपीत आला. तीन दारी गेला होता आणि तिन्ही दारी त्याला खरेच ऐकायला मिळाले होते. बांध मात्र होता तसाच पोकळ होता.

मग तो एकटाच चिखल थापू लागला. दिवसाला आठ हात बांध भरून होई. दोन कोस कसे व्हायचे? कधी कधी शिंगाकडे त्याची नजर जाई. पण पाणी दिसत नव्हते. बापाने उभ्या आयुष्यात दोनदाच शिंग फुंकले होते, आणि दोन्ही वेळा खरे. खोटे शिंग फुंकणारा म्हणून आपण गाव सोडायचे? तो नजर फिरवी आणि पुन्हा टोपली उचली. असे दहा दिवस गेले.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने उघाडीजवळ काठी टोचली. ती आरपार गेली.

राखणदार खोपीत गेला. त्याने आपली घोंगडी गुंडाळली, तवा बांधला, गाठोडे दाराशी ठेवले. मग शिंग काढून बांधावर उभा राहिला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून फुंकले.

माणसे धावत आली. कुणी जेवता जेवता उठून आला, कुणी मूल काखेत घेऊन. महाजन धोतर सावरीत आले. सुभेदारही आला, हातात टोपली घेऊन. शिंगाचा कायदा त्यालाही होता.

सगळ्यांनी पाहिले. समुद्र ओहोटीला लागून दूर गेला होता. बांध कोरडा होता.

"पाणी कुठंय?" थोरले महाजन धापा टाकीत म्हणाले.

"उद्या दुपारी येईल."

"म्हणजे शिंग खोटं!"

"खोटं. गाठोडं बांधून ठेवलंय," राखणदार म्हणाला. "पण टोपल्या हातात आहेत तर भरा. मी कुठं पळून जात नाही."

आणि त्याने काठी सगळ्यांसमोर बांधात घातली. ती पलीकडे निघाली. इतके दिवस त्यांनी बांधाबद्दल खूप ऐकले होते. कुणी येऊन पाहिला नव्हता.

सुभेदाराच्या हातात रिकामी टोपली होती. तो हळूच म्हणाला, "आज मी चिखल टाकला, तर दगडाचं काय?"

"सरकार, दगडी बांधाला तीन वर्षं लागणार. तोवर पाणी कोण अडवणार? हाच चिखल ना? त्याच्याच आड बसून दगड रचायचेत."

सुभेदाराने त्याच्याकडे पाहिले. एवढी साधी गोष्ट. चित्र काढताना ती डोक्यात आली नव्हती. नंतर आली असती, पण तोवर महाजनांशी हट्टाला पेटला होता. तो चिखलात उतरला. ते पाहून महाजन उतरले. लोक तर उतरलेच होते.

सूर्य बुडेपर्यंत माणसांची साखळी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पुन्हा सुरू. पण दोन महिन्यांचे काम दीड दिवसात होत नाही. दुपारी समुद्र चढू लागला. उघाडी टिकली. मधला बांध टिकला. खालच्या टोकाला मात्र टोपल्या पोहोचल्याच नव्हत्या. तिथे आधी ओल दिसली, मग धार, मग बैलगाडी जाईल एवढे खिंडार. चाळीस घरांच्या शेतात खारे पाणी पसरले. खारे पाणी एकदा शिरले की तीन पावसाळे धुतल्याशिवाय त्या जमिनीत भात येत नाही.

ओहोटी लागली, तसे लोकांनी खिंडार बुजवले. मग सगळे तिथेच बांधावर बसले.

सुभेदाराने कारकुनाला बोलावून कागद मागवला. त्याने आणि महाजनांनी तिथेच खर्डा लिहिला. तीन वाटे चिखलाला, एक वाटा दगडाला, दरसाल, बांध पुरा होईपर्यंत. पाच सह्या झाल्या. शिक्का बसला. मग सुभेदाराने आणखी एक कागद घेतला. त्याच्या स्वतःच्या आणि महाजनांच्या टेकडीवरच्या जमिनी तीन वर्षे त्या चाळीस घरांनी कसाव्यात, असे लिहिले. थोरले महाजन जरा घुटमळले. मग पाण्याखालच्या शेतांकडे पाहून त्यांनी सही केली.

पण कायदा त्यांच्या लक्षात होता. ते म्हणाले, "शिंगाचं काय? पाणी दिसण्याआधी फुंकलं. उद्या कुणीही फुंकेल."

राखणदार उठला. शिंग त्याने सुभेदाराच्या पुढ्यात ठेवले आणि गाठोड्याकडे निघाला.

"थांब रे दादा," चांगुणा म्हणाली. ती कमरेइतकी चिखलाने भरली होती. तिची तिन्ही खाचरे गेली होती. "हा लवकर फुंकल्याचा गुन्हेगार नाही. उशिरा फुंकल्याचा आहे. काठी हातभर आत गेली तेव्हाच फुंकलं असतं तर आज माझी खाचरं असती. विचारा त्याला."

राखणदाराने मान खाली घातली. म्हणाला, "बाई खरं बोलते. दहा दिवस मी माझी खोपी सांभाळली."

"आणि मी माझं भांडण सांभाळलं," चांगुणा म्हणाली. "तू बोलवायला आलास, मी आले नाही. तुला हाकलायचं तर मलाही हाकला. आणि मग इथं राहायचं कुणी, तेही ठरवा."

सुभेदाराने शिंग उचलले आणि राखणदाराच्या हातात परत दिले. "यापुढे काठी हातभर आत गेली की फुंकायचं. पाण्याची वाट पाहायची नाही. हा आजपासून कायदा." कारकुनाने तेही लिहून घेतले. त्यावरही शिक्का बसला.

चांगुणा शिक्क्याची ओली शाई पाहत होती.

"सुभेदारसाहेब, एक विचारू?"

"विचार."

"हे तिन्ही कागद व्हायला किती वेळ लागला?"

सूर्य अजून बुडायचा होता. कारकुनाचा टाकसुद्धा वाळला नव्हता. सुभेदार खाली, पाण्यात बुडालेल्या शेतांकडे पाहत राहिला.

तात्पर्य: आपले म्हणणे खरे असले, म्हणून सगळ्यांचे काम अडवून धरण्याचा हक्क मिळत नाही. समुद्र कुणाचे खरे ते विचारीत नाही, बांध आहे की नाही एवढेच पाहतो.