द्वारकाकाकूंच्या चुलीवरची कढी

“मग चुकलं कुठं, गुरुजी?” त्र्यंबकाचा आवाज चढला होता. “ताक ताजं, लोणी काढलेलं. त्यात सैंधव, भाजलेलं जिरं, चिमूटभर सुंठ. काकू एक घोट घेतील तर शपथ!”

नरहरबुवा वैद्य खलात काहीतरी कुटत होते.

त्र्यंबक त्यांचा सर्वांत हुशार शिष्य, आणि ही गोष्ट गावात सर्वांत आधी त्यालाच कळली होती. ताकाचे प्रकार, गुण, कुठल्या दुखण्यात द्यावं, कुठल्यात टाळावं, झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवील. पण द्वारकाकाकूंपुढं त्याची मात्रा चालेना. नवरा जाऊन महिना झाला, तेव्हापासून म्हातारीनं चूल पेटवली नव्हती. शेजारणी ताट आणत, ते अर्धंअधिक तसंच परत जाई. गेले चार दिवस तर नुसत्या पाण्यावर.

“असंच चाललं तर काकू जातील हो, गुरुजी...” आता त्याचा आवाज उतरला.

बुवा उठले. “कालचं ताक घे बरोबर. तांब्या भरून.”

“कालचं? ते तर आंबट झालंय!”

बुवा तोवर वहाणा घालून बाहेर पडलेही होते.

काकू खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

“काकू, भूक लागलीय. तुमच्या चुलीवर जरा कढी करून घेऊ का?”

“घ्या...”

बुवांनी चुलीत लाकडं कोंबली. हा जाळ! पातेल्यात अर्धं ताक ओतलं, ना पीठ ना काही, आणि वर टाकलं मूठभर मीठ.

त्र्यंबक बघतच राहिला. तीन वर्षं तो बुवांच्या हातची कढी ओरपत होता. तशी कढी पंचक्रोशीत कुणाला जमत नसे.

“गुरुजी, पीठ लावायचं...”

बुवांनी डोळे वटारले.

ताक खळाखळा उकळलं आणि फुटलं. चोथा एकीकडं, पाणी एकीकडं.

“काय चाललंय तिकडं?” काकूंनी खाटेवरून मान वळवून विचारलं.

“कढी, काकू.”

“कसली कढी? ताक फोडलंत की, मेलं! पीठ कालवलं होतंत का आधी?”

“पीठ लागतं होय?”

“अगं बाई गं!”

काकू भिंतीला धरून उठल्या. त्र्यंबक आधार द्यायला धावला, तर बुवांनी त्याचं उपरणं मागून धरून ठेवलं.

काकूंनी चुलीतली लाकडं मागं ओढली. उरलेल्या ताकात डाळीचं पीठ कालवलं, एक गुठळी राहू दिली नाही. तुपात जिरं तडतडलं, मिरची पडली.

“जाळ मंद हवा. सारखं ढवळायचं. उकळी येतेयसं दिसलं की उतरवायची. मीठ शेवटी! तुम्हाला कुणी शिकवलं हो?”

“कुणीच नाही,” बुवा गरीब चेहरा करून म्हणाले.

काकूंनी पळीतली कढी तळहातावर घेऊन चाटली. कपाळाला आठी पडली. चिमूटभर साखर टाकली, पुन्हा चाटली. मग पुन्हा एकदा...

“ह्यांना अशी लागायची,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

रडू ओसरल्यावर बुवांनी वाटी पुढं केली. काकूंनी त्यांना वाढली, त्र्यंबकाला वाढली, आणि उरलेली अर्धी वाटी फुंकर घालत स्वतः प्यायल्या.

परतताना त्र्यंबकाला राहवेना. “गुरुजी, हा उपचार कुठल्या ग्रंथात आहे?”

“उद्या तू जा,” बुवा म्हणाले. “कढी करायला.”

“जातो की! मला उत्तम येते कढी.”

“ठाऊक आहे, त्र्यंबका. म्हणून सांगतोय, जिरं चांगलं काळंठिक्कर होऊ दे.”