आवाज कोंडलेल्या फुलांची बाग

बाळांनो, डोंगराच्या कुशीत गवताची एक इवलीशी झोपडी होती. तिथे आई, थोरली गोदा आणि धाकटी येसू राहत. घरात दाणा म्हणून नसे. येसू स्वतःचं वाक्य क्वचितच बोले, ऐकलेलंच पुन्हा म्हणे. "कुठे चाललीस?" विचारलं, की तीही "कुठे चाललीस?" पोरं चिडवत, "ए पोपटीण, आमचं बोलणं परत दे की!" पण संध्याकाळी गोदा एकच गाणं म्हणे, रोज तेच, त्याच चालीत, तेव्हा कुठे येसूला झोप येई.

डोंगरापलीकडे मागेल ते देणाऱ्या एका परीची बाग होती. एकदा भुकेनं कासावीस होऊन गोदा त्या बागेत गेली. परतली ती कधीच न सरणाऱ्या भाताचं मडकं घेऊन, पण मुकी! परीचा व्यवहार रोखीचा होता. हवं ते मागा आणि आवाज द्या. गोदानं भाव विचारलाच नव्हता. उपाशी माणूस कुठला विचारायला!

त्या दिवसापासून येसू झोपेना. कान दाबून भिंतीशी डुलत बसे, घास घेईना. दिवसेंदिवस वाळत चालली. शेवटी एका टळटळीत दुपारी आपल्या वाटणीचा भात फडक्यात बांधून ती परीच्या बागेकडे निघाली.

बाग सोनेरी, निळी, गुलाबी. पण पान हलत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. चिमुकल्या, मिटलेल्या फुलाफुलांत आवाज कोंडलेले. एक हसत होतं, एक खोकत होतं, एक आईला हाका मारत होतं. मधोमध चंदेरी झग्यातली परी उभी होती. तिला सावली नव्हती.

"माग गं, चिमणे," परी म्हणाली. 'माग गं' एखाद्या म्हाताऱ्याच्या आवाजात, 'चिमणे' गोदाच्या!

येसू शहारली. दारात कोणीही आलं की आई जे म्हणे, तेच तिच्या ओठांवर आलं. "जेवलीस का गं? बस, दोन घास खा." तिनं फडकं पुढे केलं.

"त्याच्या बदल्यात काय हवं?"

"दोन घास खा."

आजवर सगळे मागायलाच आले होते. आपल्याच मडक्यातला भात परीनं कधी चाखला नव्हता. ती खाली बसली आणि जेवली.

"काही न मागता देऊन माझा व्यवहार मोडलास, पोरी," ती म्हणाली. हा आवाज उसना नव्हता. बारीक, गंजलेला, तिचा स्वतःचा होता. "आता मी कोणाचंच काही ठेवू शकत नाही. तुला काय देऊ? सगळ्यांसारखं बोलता यावं, असं करू?"

येसूनं मान हलवली. नको. मग ती गोदाचं गाणं गुणगुणू लागली आणि मध्येच थांबली. एका निळ्या फुलानं पुढची ओळ म्हटली.

"कळलं," परी हसली. "मडकंही राहू दे घरी."

फुलं पटापट उमलली. आवाज भुर्र उडून आपापल्या माणसांकडे गेले. परी आतून उजळत गेली, लखलख, लखलख, आणि त्या उजेडातच विरली.

संध्याकाळी गोदा गायला बसली. आनंदाच्या भरात एक कडवं गाळलं, तर येसूनं तिच्या तोंडावर हातच ठेवला.

"बरं बाई, पहिल्यापासून!"

दुसऱ्या कडव्याला येसू गाढ झोपली. गोदानं मात्र गाणं पुरं केलं.