तांब्याच्या घंगाळातले आंबोण

पूर्वी गोदावरीच्या तीरावर अस्सक देशात महिंसक नावाचा राजा राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्व पोतली नगराच्या वेशीबाहेर, कोंबड्या पाळून पोट भरणाऱ्या एका घरात जन्मला. त्याचे नाव पिंगल ठेवले गेले. महासत्त्वाचे खुराड्यात काय काम, असे कोणाला वाटेल. पण ज्याला करुणा शिकायची आहे त्याला खुराडेही पुरते, आणि पिंगलाचे खुराडे तर चांगले ऐसपैस होते.

पिंगल वयात आला, सामा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले, आणि आईबापांमागे परसातल्या कोंबड्या त्याच्याकडे आल्या. त्याच्या घरची एक रीत होती. कोंबड्यांना कोरडा दाणा टाकत नसत. पिंगल तांदळाच्या कण्या, वरी आणि कोंडा मातीच्या मडक्यात भिजत घाली. दाण्यावर बोटभर पाणी उभे राहील असे बघे, तोंडाला फडके बांधी आणि मडके चुलीमागच्या उबेला ठेवी. सकाळ-संध्याकाळ त्यात पळी फिरवी. बुडबुडे येऊ लागले आणि ताकासारखा आंबूस वास सुटला की आंबोण झाले असे समजे. तळाचे थोडे आंबट पाणी मात्र तो नेहमी राखून ठेवी, म्हणजे विरजणासारखे पुढच्या दाण्याला ते कामी येई. त्याच्या आईने लावलेल्या मडक्याचे पाणी असे फिरत फिरत त्याच्यापर्यंत आले होते. कधी पाणी कमी पडून वरच्या दाण्यावर बुरशीची लव दिसली, तर तो सगळे मडके खड्ड्यात ओतून देई. सामा हळहळे, पण या बाबतीत तो कोणाचे ऐकत नसे.

आंबवलेला दाणा फुगतो आणि थोडक्यात पोट भरतो. पिंगलाच्या कोंबड्यांच्या पिसांवर तकाकी होती, आणि त्यांची अंडी टोपलीत एकमेकांवर आपटली तरी सहसा तडकत नसत.

दोन परसांमधल्या काठ्यांच्या कुडापलीकडे चित्रा नावाची विधवा राहत होती. तिचाही व्यवसाय हाच. नवरा गेल्यापासून तिला कोंबड्यांशिवाय कोणी नव्हते. ती त्यांच्याशी बोले, त्यांना नावे देई, आणि कवडी नावाच्या ठिपकेदार कोंबडीला तर मांडीवर घेऊन बसे. पिंगलाच्या मडक्याचा मात्र तिला भारी तिटकारा होता.

"भाऊजी, वारा इकडे वळला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही हो," ती कुडावरून म्हणे. "कोंबड्यांना असले नासके घालवते तरी कसे तुम्हाला?"

"नासके नाही वहिनी, आंबलेले आहे," पिंगल म्हणे. "तुम्ही ताक पिता ना?"

"ताक माणसांचे असते," असे म्हणून चित्रा नाक मुरडून आत निघून जाई.

दोन्ही घरांची अंडी राजाच्या आरोग्यशाळेत आजाऱ्यांच्या पथ्याला जात, आणि त्याच्या बदल्यात राजाच्या कोठारातून दोन्ही घरांना कोंबड्यांचा दाणा मिळे. असे पुष्कळ वर्षे सुरळीत चालले होते. मग एका वर्षी पाऊस पडलाच नाही. कोठार तळाला गेले, तेव्हा कोठारी स्वतः वेशीबाहेर आला आणि त्याने दोघांना बोलावून घेतले.

"यंदा दाणा एकाच घराला मिळेल," तो म्हणाला. "पौर्णिमेच्या सकाळी ज्याची अंड्यांची पाटी जास्त भरलेली, त्याला. दुसऱ्याने कोंबड्या उपाशी मारू नयेत. त्या पाकशाळेत न्यायला माणसे येतील."

कोठारी दुष्ट नव्हता. जेवढा दाणा उरला होता तेवढाच त्याला वाटायचा होता. पण चित्राने कवडीला उचलून पोटाशी धरले. पाकशाळा म्हणजे सुरी, हे तिला कोणी सांगायला नको होते.

त्या दिवसापासून दोन्ही घरांत अंडी भुशात जपून ठेवली जाऊ लागली. चित्राकडे कोंबड्या जास्त होत्या, त्यामुळे तिची पाटी भरत होती. पण अंडी पातळ सालीची, आणि रोजची थोडी थोडी कमी होत चाललेली. पलीकडे पिंगलाच्या कोंबड्या मात्र अंडे घातल्याची वर्दी घसा ताणून देत होत्या. ती कलकल चित्राला ऐकवत नसे. शेवटी तिने मनाशी ठरवले की त्या नासक्यातच काहीतरी आहे. कुडाच्या फटीतून तिने पिंगलाची सगळी रीत पाहून घेतली. विचारले असते तर त्याने आनंदाने सांगितले असते, पण इतकी वर्षे नाक मुरडल्यावर विचारणार कोणत्या तोंडाने?

तिने कण्या घेतल्या, कोंडा घेतला, बोटभर पाणी उभे केले, फडके बांधले. सगळे बरोबर केले. भांडे तेवढे चुकले. घरची मडकी पिण्याच्या पाण्याची होती, आणि कोंबड्यांच्या खाण्यासाठी ती खराब करणे तिच्या जिवावर आले. कोपऱ्यात नवऱ्याच्या अंघोळीचे तांब्याचे घंगाळ नुसते पडून होते. तिने त्यात भिजवले.

आता आंबट तांब्यात कळकते, विषारी होते, हे चित्राला ठाऊक नव्हते असे नाही. जन्मात कधी तिने तांब्यात ताक ठेवले नव्हते. सणावारी चिंच लावून तेच घंगाळ ती लख्ख करी आणि हिरवट पाणी मोरीतून जाताना बघे. पण ते सगळे ज्ञान माणसांच्या अन्नासाठी होते. कोंबड्या चोचीने टिपतात तेही अन्नच, हे तिच्या मनात आले नाही. मांडीवर घेऊन बसणारी बाई, तरीही आले नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आंबोण छान आंबले. चित्राने सकाळी ते कोंबड्यांना घातले, आणि दुपारी आपली अंड्यांची पाटी कोठारात नेऊन कोठाऱ्याच्या हवाली केली. घरी ठेवली तर रात्रीतून पिंगल काही दगाफटका करील, अशी तिला शंका होती. माणूस स्वतःच्या भीतीवरून दुसऱ्याची परीक्षा करतो, ती अशी.

ती परत आली तेव्हा कोंबड्या पंख पाडून बसल्या होत्या. काहींच्या चोचीतून हिरवट पाणी गळत होते. कवडी उभी राहायला गेली आणि कलंडली.

दिवेलागणीला चित्रा पिंगलाच्या दारात आली. सामाने तिला पाहिले. चित्राने आपले पाहून आंबोण लावले आहे हे सामाला ठाऊकच होते, कारण कुडाला फट असली की ती दोन्हीकडून असते.

"विरजणाला पाणी मागायला आल्या असाल तर आता नाही, आक्का," सामा म्हणाली. "दिवे लागले. या वेळी आंबट घराबाहेर देत नाहीत."

चित्रा पुढे आली. तिने पदर बाजूला केला. पदरात कवडी होती, मान लोंबत असलेली.

पिंगल पुढे झाला. त्याने कवडीची चोच उघडून वास घेतला. "वहिनी, कशात भिजवले होते?"

"घंगाळात," चित्रा म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचे तिला कळले. "माझ्या हाताने घातले हो मी. माझ्या हाताने."

कळकलेले पोटात गेले तर अंड्यातले पांढरे पाजायचे, ही त्या मुलखातली जुनी रीत होती, आणि पिंगलाला ती आईकडून ठाऊक होती. तरी तो जागचा हलला नाही. 'मला काही उपाय माहीत नाही' एवढे म्हटले की सकाळपर्यंत पलीकडचे खुराडे रिकामे होणार होते. आज ना उद्या कोठाऱ्याला ते कळलेच असते, आणि मेलेल्या कोंबड्यांना कोणी दाणा देत नाही. बोधिसत्त्वाच्या मनात हा विचार आला. आलेला विचार त्याने नीट पाहिला, आणि मग आत जाऊन भुशातली अंड्यांची पाटी उचलून आणली.

सामा दारात आडवी उभी राहिली. "अहो, ती उद्याची आहेत."

"हो."

"त्यांच्याच पाटीतली फोडा की!"

"माझी पाटी कोठारात आहे," चित्रा खाली मान घालून म्हणाली. "वेशीचे दार लागले असेल आता." ती तिथे का ठेवली, हे तिने सांगितले नाही, आणि सामाने ते ओळखले.

"म्हणजे आपल्या कोंबड्या पाकशाळेत जाणार," सामा नवऱ्याला म्हणाली.

"त्यांच्या आता मरताहेत, सामा," पिंगल म्हणाला. "आपल्यांना निदान उद्यापर्यंत वेळ आहे. आधी आताचे बघू."

सामा बाजूला झाली. रागाने तिचे डोळे भरून आले होते; पण पिंगल कुडापलीकडे गेला तेव्हा पळी आणि दिवा घेऊन तीच त्याच्या मागे निघाली. तिने पंख धरले, चित्राने चोच उघडली, आणि पिंगल एकेक अंडे फोडून त्यातले पांढरे कोंबड्यांच्या घशात थेंब थेंब सोडत राहिला. घंगाळ परसात पालथे पडले होते. टरफलांचा ढीग वाढत गेला.

म्हाताऱ्या झालेल्या एकदोन कोंबड्या गेल्या. बाकीच्या वाचल्या. पहाटे कवडीने मान उचलली, आणि आपल्याला कोणी धरले आहे याचा राग येऊन चित्राच्या बोटाला कचकन चोच मारली. चित्रा त्यावर लहान मुलीसारखी रडली.

सकाळी कोठारात पिंगलाने आपली पाटी खाली ठेवली. तिच्या तळाशी थोडीशी अंडी होती.

"एवढीच?" कोठाऱ्याने विचारले.

"एवढीच," पिंगल म्हणाला.

कोठाऱ्याने शेजारची भरलेली पाटी पाहिली आणि दाणा चित्राच्या नावाने दिला. पिंगलाने काही सांगितले नाही. चित्राने तोंड उघडले, पण शब्द बाहेर आला नाही. खरे बोलले तर दाणा जाईल आणि कवडीही जाईल, एवढेच तिला दिसत होते.

घरी येताना सामा म्हणाली, "एक शब्द बोलली नाही ती. एक शब्द!"

"घाबरली असेल," पिंगल म्हणाला.

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटते तर," पिंगल म्हणाला. ज्या कोंबड्यांना अंड्यातून बाहेर येताना त्याने पाहिले होते त्यांना आता कोणी पाय बांधून नेणार होते. बोधिसत्त्वाचे हृदय काही दगडाचे नसते.

घरी आल्यावर त्याने मडक्यातले उरलेले आंबोण कोंबड्यांना घातले, तळाचे पाणी सवयीने राखून ठेवले, आणि पाकशाळेच्या माणसांची वाट बघत तो ओट्यावर बसला.

माणसे आली नाहीत. दिवस कलला तेव्हा चित्रा आली. तिच्या डोक्यावर दाण्याचे पोते होते. ते तिने ओट्यावर टाकले आणि दम घेत उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या रीतीने भिजवला की दाणा फुगतो ना?"

"फुगतो."

"माझ्या एका घरचा दाणा दोन घरच्या कोंबड्यांना पुरेल?"

पिंगलाने पोते चाचपून पाहिले. "पोटभर नाही पुरणार, वहिनी. ओढून ताणून पुरेल."

"मग ओढू," चित्रा म्हणाली. "परत गेले होते मी कोठाऱ्याकडे. अंडी कुठे गेली ते सांगितले. तो म्हणाला, दाणा एकाच घराला, हुकूम बदलत नाही. मी म्हटले, घर एकच आहे. मधला कूड काढून टाकलाय आम्ही, कोंबड्या एकत्रच असतात. तो म्हणाला, उद्या बघायला येतो." ती जराशी घुटमळली. "तेवढे खोटे बोलून आले आहे. कूड अजून उभा आहे. अंधार पडायच्या आत ते खरे करायला हवे. हात लावा जरा."

सामा इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभी होती. ती तशीच पायऱ्या उतरली आणि कुडाची पहिली काठी तिनेच उपटली.

कूड निघेपर्यंत दिवेलागण झाली. दोन्हीकडच्या कोंबड्या मधली मोकळी जागा बघून बावचळल्या, थोड्या भांडल्या, आणि मग सवयीने आपापल्या खुराड्यात गेल्या. सामाने आपल्या मडक्यातले राखून ठेवलेले आंबट पाणी चित्राच्या मडक्यात ओतले. या वेळी चित्राने पिण्याच्या पाण्याचे मडके आणले होते. दिवे तर लागले होते. पण मध्ये कूडच नव्हता, त्यामुळे आंबट घराबाहेर गेले असे कोणाला म्हणता आले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली ती सुयामा नावाच्या उपासिकेवरून. सुयामा रोज भिक्षूंना ताकभात घाली, पण त्यांच्या वाटणीचे ताक ती रात्रीच तांब्याच्या हंड्यात काढून ठेवी. मुलांचे ताक मातीच्या भांड्यात, भिक्षूंचे हंड्यात. भिक्षू आजारी पडले. कारण कळल्यावर, या बाईच्या दारी पुन्हा पात्र पुढे करायचे नाही, असे त्यांनी रागाने ठरवले. शास्त्यांनी ते होऊ दिले नाही. त्यांनी सुयामेला बोलावले, सगळ्यांसमक्ष जवळ बसवले आणि ही जुनी हकीकत सांगितली.

मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची चित्रा ती आजची ही सुयामा. तेव्हाचा कोठारी तो विहारात धान्य वाटून देणारा भिक्षू. दारात आडवी उभी राहिलेली सामा म्हणजे, पात्र पुढे करायचे नाही असे सर्वांत मोठ्याने म्हणणारा तुमच्यातला तो ज्येष्ठ स्थविर. आणि कूड मोडताना पहिली काठी त्यानेच उपटली होती, हे त्याने विसरू नये. ज्याच्या पोटात सर्वांत जास्त दुखले तो तरुण भिक्षू तेव्हाची कवडी. पिंगल मीच होतो."

स्थविराने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी भिक्षेला निघताना सुयामेच्या दारी सर्वांत आधी तोच उभा राहिला. तिने मुलांच्या मडक्यातले ताक त्याच्या पात्रात वाढले, आणि तो जाईपर्यंत ती हात जोडून उभी राहिली.

आपल्या माणसांसाठी जपायचे तेच दुसऱ्यासाठी जपावे, तो कुडापलीकडचा असला आणि आपल्यावर संशय घेणारा असला तरीही. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पुरी केली ती ही मैत्री-पारमिता.