कुणी ओरडलं नाही

"एकही सुटला नाही?" तांबोळी सरांनी विचारलं.

"एकही नाही, सर." कौस्तुभने लॅपटॉप त्यांच्या चटईवर ठेवला. "तेराशे बारा सर्व्हर. काही आपल्या खोलीतले, काही त्यांच्या पोटातले आभासी, बाकीचे क्लाउडवर भाड्याने घेतलेले. माझ्या प्रणालीने सगळे हुडकून काढले. कुठला चालतोय, कुठला दमलाय, मिनिटामिनिटाला कळतं."

पडद्यावर हिरवे ठिपकेच ठिपके होते. कौस्तुभ त्यांच्याकडे असा बघत होता, की जणू एकेक त्याने हाताने रंगवलाय.

तांबोळी सर या धंद्यातले जुनेजाणते. त्रेचाळीस गावांच्या पाणी योजनेचे संगणक त्यांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळले, आणि निवृत्तीनंतर त्यातल्याच एका गावात, हिंगणवाडीत, येऊन राहिले. कौस्तुभ त्यांचा शेवटचा शिष्य. सगळ्यांत हुशार. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

योजनेत मुख्याची जागा रिकामी झाली होती. सरांनी शिफारशीच्या चार ओळी लिहिल्या, की ती त्याची. त्यासाठीच स्वारी दीडशे किलोमीटर गाडी हाकत आली होती.

"आणि बेवारशी?"

"नऊ निघाले. कुठे नोंद नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, आमचा नाही. दिले बंद करून."

"मग?"

"मग वाट पाहिली. ज्याचा असेल तो ओरडत येईल. तुमचीच रीत आहे ना, सर?"

"किती दिवस झाले?"

"आज सातवा." कौस्तुभची छाती बोटभर पुढे आली. "कुणी ओरडलं नाही!"

सर गप्प राहिले...

त्यांचं गप्प राहणं कौस्तुभने कौतुक म्हणून खिशात घातलं.

"सर, थोडं पाणी मिळेल?"

सर उठले. आतून पेला आणून त्याच्या हातात दिला.

पेला रिकामा होता.

कौस्तुभने पेल्यात पाहिलं. मग सरांकडे.

"नळाला पाणी नाही?"

"सहा दिवस झाले."

"अहो, मग तक्रार करायची! योजनेचा नंबर आहे की!"

सरांनी आपला फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या कानाशी धरला.

रिंग नाही. टूं टूं नाही. 'आपण रांगेत आहात' नाही...

कौस्तुभ ऐकत राहिला. हळूहळू त्याची नजर लॅपटॉपकडे वळली.

"मी दिवसातून दोनदा लावतो," सर म्हणाले. "गावातले सगळेच लावतात."

त्याला अशी लाज वाटली, की मान वर होईना. तो बंद केलेले नऊ सर्व्हर एकेक करून चालू करायला बसला. पाच झाले, सहा झाले. सातवा चालू झाला आणि सरांनी पुन्हा लावलेला फोन वाजला.

पहिली तक्रार हिंगणवाडीची. दुसरी शेजारच्या गावची. मग धो धो सुरू झाल्या. मोठ्या पंपाची मोटर जळाली होती. कौस्तुभने लगेच दुरुस्तीला माणसं धाडली, टँकर मागवले.

दुपार कलेपर्यंत गडी पुन्हा पहिल्यासारखा ताठ झाला. जित्याची खोड ती.

"बघा सर, आता एकूण एक गोष्ट दिसतेय! सत्तावीस गावांतून तक्रारी आल्यात. कुठल्या गावातून किती, तेही सांगतो."

"आणि उरलेली सोळा?"

"तिकडून एकही फोन नाही. म्हणजे तिथे सगळं ठीक आहे." त्याने लॅपटॉप सरांकडे वळवला. "टँकर निघालेत. सांगा, सर, पहिला कुठे पाठवू? जिथून सगळ्यांत जास्त तक्रारी आल्यात तिथे?"

सरांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्या सोळा गावांत."